एक कान इम्प्लांटचा, दुसऱ्याचं काय?

पुण्यात अलका टॉकीजच्या चौकात माझी आत्या एकदा रस्त्याच्या मधोमध थबकली. हॉर्न तिला व्यवस्थित ऐकू आला होता. तो डावीकडून आला की उजवीकडून, ते कळेना, म्हणून जागच्या जागी उभी राहिली. मागच्या स्कूटरवाल्यानं "आजी, ऐकू येत नाही का?" असं आपल्या गावच्या खास जिव्हाळ्यानं विचारलं. तेही तिला ऐकू आलं. घरी आल्यावर उजव्या कानामागच्या प्रोसेसरवर बोट ठेवून म्हणाली, "ऐकू येतंय रे. पण सगळं इथूनच येतं."

आत्या शाळेत मराठी शिकवायची. पन्नाशीच्या आसपास दोन्ही कान हळूहळू गेले, कानाची मशीनं पुरेनाशी झाली, आणि तीन वर्षांपूर्वी उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला थेट वीज देणारं यंत्र, बसवलं. ऑपरेशन नीट झालं, मॅपिंग झालं, म्हणजे यंत्र तिच्या कानाला जुळवून दिलं, ती फोनवर बोलायला लागली. आम्ही सगळे इतके खुश होतो, की डाव्या कानाचं जुनं मशीन गोदरेजच्या कपाटात जाऊन पडलं याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. ते काढून ठेवा असं कुणी सांगितलं नव्हतं. काढू नका असंही कुणी सांगितलं नाही. दीड वर्ष ते कपाटातच राहिलं. ज्यांच्या घरात मोठ्या माणसाला एकाच बाजूचं इम्प्लांट आहे, त्यांनी हे दीड वर्ष वाया घालवू नये, म्हणून हा लेख.

आधी कानाच्या आत काय चालतं ते पाहू. कॉक्लिया म्हणजे शंखासारखा अडीचएक वेढ्यांचा अवयव. उलगडून सरळ केला तर लांबी जेमतेम ३५ मिलिमीटर. पेटीच्या पट्ट्या ओळीनं लावाव्यात आणि मग सगळी ओळ शंखात गुंडाळावी, तशी त्याची रचना असते. तोंडाशी उंच स्वर, टोकाशी खालचे स्वर. या ओळीवर केसासारखे तंतू असलेल्या सुमारे १५,००० पेशी असतात आणि त्या कंपनांचं विजेच्या संकेतात रूपांतर करतात. बहुतेक बहिऱ्या माणसांच्या बाबतीत याच पेशी मेलेल्या असतात. त्यांच्यामागची नस पुष्कळदा जिवंत असते.

इम्प्लांट या मेलेल्या पेशींना वगळून थेट नसेला वीज देतं. कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचे खालच्या-वरच्या स्वरांनुसार तुकडे करतो, लोहचुंबकानं डोक्याला चिकटलेली कॉइल ते कातडीआडच्या भागाला पाठवते, आणि शंखात सरकवलेल्या बारीक तारेवरचे इलेक्ट्रोड नसेला टोचणी देतात. कंपनीप्रमाणे हे इलेक्ट्रोड १२ ते २२ असतात. म्हणजे निसर्गानं जिथे हजारो पेशी दिल्या, तिथे माणसाला दोन डझनसुद्धा बसवता आलेले नाहीत. त्यातून शंखातल्या पाण्यात वीज पसरते, त्यामुळे शेजारशेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांत मिसळतात. बारीक कुंचल्याचं काम भिंत रंगवायच्या ब्रशनं करण्यासारखं आहे हे.

तरीही बोलणं कळतं, आणि ही गोष्ट मला अजून चकित करते. १९९५ साली अमेरिकेत रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगल्या कानाच्या माणसांना मुद्दाम भरडलेला आवाज ऐकवला. खालच्या-वरच्या स्वरांनुसार बोलण्याचे फक्त चार पट्टे ठेवले, बाकी बारकावे पुसून टाकले. शांत खोलीत लोकांना वाक्यं कळली. बोलणं समजायला मेंदूला किती थोडं पुरतं ते त्यातून दिसलं. शांत खोलीत, हे दोन शब्द मात्र लक्षात ठेवा. गोंगाटात हे चार पट्टे काय, वीससुद्धा अपुरे पडतात. चांगल्या कानाच्या माणसाला आजूबाजूचा कलकलाट बोलण्याच्या बरोबरीचा असला तरी बरंचसं कळतं. इम्प्लांटवाल्याला बोलणं कलकलाटाच्या बरंच वर लागतं.

आता एका कानाचा प्रश्न. डोकं हा आवाजाच्या वाटेतला अडथळा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे २०० हर्ट्झच्या, साधारण बाईच्या आवाजाच्या मूळ स्वराची लाट १.७ मीटर लांब. डोकं तिला किस झाड की पत्ती, ती वळसा घालून पलीकडे जाते. पण ४,००० हर्ट्झची लाट साडेआठ सेंटीमीटरचीच. ती डोक्यावर आपटते, आणि पलीकडच्या कानावर सावली पडते. मराठीतले 'स', 'श', 'च', 'ट' यांची धार याच वरच्या भागात असते. आत्याच्या डावीकडे बसून "चहा हवा का?" विचारलं की स्वर पोचतात, व्यंजनांची धार पोचत नाही. तिला "...आ हवा का" एवढंच कळतं, आणि मग ती सगळ्यालाच "हो" म्हणते. आमच्याकडे एका जेवणात तिनं अशीच तीनदा आमटी घेतली.

दिशेचंही तसंच. डावीकडचा आवाज डाव्या कानात थोडा आधी आणि थोडा मोठा पोचतो. अगदी बाजूनं आला तरी फरक फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंदाचा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. मेंदू एवढ्यावरून दिशा ठरवतो. एकच कान चालू असेल तर तुलना कुणाशी करणार? म्हणून अलका टॉकीजचा तो हॉर्न.

यावर पहिला उपाय फुकट आहे. बसायची जागा बदला. इम्प्लांटचा कान माणसांकडे, गोंगाट पाठीमागे किंवा दुसऱ्या बाजूला. डोक्याची सावली शत्रू आहे तशी मित्रही आहे. हॉटेलात मुदपाकखान्याचा खणखणाट बिनइम्प्लांटच्या बाजूला ठेवला तर डोकंच तो अडवतं. रिक्षात आत्या डावीकडे, मी उजवीकडे. गाडीत ती ड्रायव्हरशेजारी, कारण आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे असतो. डावीकडे इम्प्लांट असलेल्यांनी सगळं उलटं करायचं. स्कूटरवर मागे बसून बोलायचा नाद सोडायचा: वारा मायक्रोफोनमध्ये घोंघावतो, हेल्मेट कॉइल सरकवतं, आणि पुण्यातला तो डोकं-तोंड गुंडाळायचा स्कार्फ सोडताना कॉइल बरोबर घेऊन येतो. एकदा ती कॉइल स्कार्फला अडकून निम्म्या कर्वे रोडपर्यंत गेली असती.

दुसरं, जवळ या. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं वाढतो, आणि मागचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. स्वयंपाकघरातून ओरडण्यापेक्षा चार पावलं चालत येऊन बोलणं केव्हाही चांगलं. ओरडल्यानं शब्दांचा आकार बिघडतो, आणि प्रोसेसर तसाही फार मोठा आवाज दाबूनच टाकतो. गणपतीत ढोल वाजला की आत्याला त्याच्या पाठोपाठचे दोन-तीन शब्द पुसट ऐकू येतात, ते याचमुळे. नव्या फ्लॅटच्या गुळगुळीत फरशा आणि उघड्या भिंती आवाज घुमवतात. आम्ही हॉलमध्ये जाड पडदे आणि एक सतरंजी टाकली. आत्याच्या म्हणण्यानं तेवढ्यानंही फरक पडला.

जवळ येणं शक्य नसेल तिथे वेगळा छोटा मायक्रोफोन मिळतो. बोलणाऱ्याच्या कॉलरला अडकवायचा. आवाज बिनतारी थेट प्रोसेसरमध्ये जातो, मधलं सभागृह वगळून. टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमालेला आत्यानं एका वक्त्याला तो लावायला सांगितला. वक्त्यांनी आधी संशयानं पाहिलं, मग लावला. ती घरी येऊन व्याख्यानातल्या दोन चुका सांगत होती, म्हणजे चांगलंच ऐकू आलं होतं. माझं मत विचाराल तर गोंगाटासाठी पैसे खर्च करायचे झाले तर आधी यावर करावेत. मर्यादा एकच: माईक ज्याच्या गळ्यात, त्याचंच ऐकू येतं. आठ जणांच्या गप्पांत तो फिरवत बसणं म्हणजे कीर्तनात आरतीचं तबक फिरवल्यासारखं होतं.

आता दुसरा कान. त्यात काहीच उरलं नसेल तर क्रॉस नावाचा एक प्रकार आहे. बहिऱ्या बाजूला नुसता मायक्रोफोन लावायचा. तो पकडेल ते चालू कानाच्या प्रोसेसरकडे पाठवतो. एका कानानं बहिऱ्या असलेल्या माणसांसाठी ही युक्ती १९६० च्या दशकापासून वापरात आहे. काही इम्प्लांटच्या प्रोसेसरांनाही आता ती जोडता येते. डावीकडून कुणी बोललं की डोक्याची सावली ओलांडली जाते, ऑपरेशन लागत नाही. पण नीट समजून घ्या: ऐकणारा कान एकच राहतो. दिशा कळत नाहीच, आणि डावीकडे मिक्सर चालू असेल तर तो मिक्सरही इमानेइतबारे उजव्या कानात आणून सोडला जातो. त्यामुळे तो कधी बंद करायचा हे शिकावं लागतं.

आत्याच्या डाव्या कानात मात्र थोडं उरलेलं होतं. ५०० हर्ट्झपर्यंत, मशीन लावून. वरचं काहीच नाही. एवढ्याशा उरल्यासुरल्या ऐकण्याला आम्ही मोडीत काढलं होतं. नव्या ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी तिच्या ऐकण्याचा आलेख पाहून पहिला प्रश्न विचारला, "काकू, डाव्या कानाचं मशीन कुठंय?"

त्यांनी एक प्रयोग केला, तो घरीही करता येतो. आत्याच्या समोर बसून आवाज न करता नुसते ओठ हलवले: बाबा, मामा, पापा. सांगा कोणतं कोणतं? सांगता येत नाही. तिघांनाही ओठ सारखेच मिटतात. 'ब' आणि 'प' मधला फरक घशातल्या घुमाऱ्याचा, 'म' मध्ये नाकातून येणारा गुंजारव, आणि या दोन्ही गोष्टींचा मोठा हिस्सा आवाजाच्या तळाशी असतो. आत्याच्या डाव्या कानाला नेमका तोच तळ ऐकू येतो. इम्प्लांट 'स', 'च' ची धार देतं, डावा कान घुमारा देतो, डोळे ओठ पाहतात. तिघांनी मिळून एक शब्द. या जोडीला इंग्रजीत बायमोडल म्हणतात आणि दवाखान्यांतही तोच शब्द चालतो.

याहून मोठी गोष्ट म्हणजे सूर. इम्प्लांटचे बहुतेक प्रोसेसर प्रत्येक पट्ट्यातल्या आवाजाच्या जोराची फक्त कमी-जास्त होणारी रेघ पाठवतात. आतली बारीक कंपनं, ज्यांच्यातून सूर कळतो, ती सोडून देतात. शब्द समजायला त्याचं फार अडत नाही. पण "तू जाणार." आणि "तू जाणार?" यांत फरक फक्त शेवटच्या चढाचा आहे. तो गेला की आत्या विधानाला उत्तर देते आणि प्रश्नाला मान डोलावते. फोनवर बाई बोलतेय की पुरुष, हे चटकन कळत नाही. आणि पुण्यात राहून सूर कळला नाही तर फार पंचाईत होते, कारण इथे निम्मा मजकूर सुरातच असतो. शेजारच्या काकू दारात "या, या, बरं झालं आलात" म्हणाल्या, तर त्याचे किमान दोन अर्थ होतात. नुसत्या इम्प्लांटवर आत्या दीड वर्ष दरवेळी चांगला अर्थ घेत राहिली. तिचे शेजारसंबंध त्या काळात फार सुधारले होते, हे कबूल केलं पाहिजे.

डाव्या कानाचं मशीन परत आलं तेव्हा सुरुवातीला तिला ते नकोसं झालं. "डावीकडं कुणीतरी हंड्यात बोलतंय," म्हणाली. तसं वाटणारच, दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांशी नातं सांगत नाहीत. काही आठवडे रोज काही तास घातलं, मग मेंदूनं त्यांची मोट बांधली. सवाई गंधर्व महोत्सवात आम्ही तिला नेलं. आधीच्या वर्षी तिला तबला लख्ख कळत होता, ठेका, सम, सगळं. लय इम्प्लांटमधून छान पोचते. गाणं मात्र "भांडी घासल्यासारखं". यंदा ती म्हणाली, वरच्या ताना अजून भांड्यांतच आहेत, पण षड्ज सापडतो. खर्जात गायलं की सापडतो. मला तेवढं पुरेसं वाटलं.

यात एक अडचण सगळ्यांनाच येते. इम्प्लांटचं मॅपिंग एका ठिकाणी होतं, कानाचं मशीन दुसऱ्या दुकानात घेतलेलं असतं, आणि ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दुकानदार डाव्या कानाचं मशीन असं लावतो जणू उजवा कान नाहीच. मॅपिंगवाले डावीकडे बघत नाहीत. परिणामी एक बाजू ओरडते, दुसरी कुजबुजते. दोन्ही यंत्रं एकाच वेळी घालून, दोन्ही बाजूंचा जोर सारखा लागतोय ना, हे एकाच माणसानं बसून जुळवलं पाहिजे. दोन यंत्रांच्या कामाच्या वेगातही काही मिलिसेकंदांचा फरक पडू शकतो. काही जोड्यांमध्ये तो जुळवायची सोय असते. भेटीला जाताना दोन्ही यंत्रं कानात घालूनच जा, पिशवीत नको. आणि हेही खरं, की काहींना ही जोडी लाभत नाही. उरलेला कान फारच विस्कटलेलं ऐकत असेल तर तो शब्दांत भर घालण्याऐवजी गढूळपणा घालतो. गोंगाटात वाक्यं ऐकवून, मशीनसकट आणि मशीनविना, अशी तपासणी करून घ्यावी. नुसतं "बरं वाटतंय" यावर जाऊ नये.

सराव तर लागतोच. आमच्याकडे सकाळी आकाशवाणी पुणे केंद्राच्या बातम्या लावतात आणि आत्या वर्तमानपत्र हातात धरून बसते. निवेदकाचा उच्चार स्वच्छ, विषय ओळखीचे, बरेचदा हातातल्याच. मग पेपर बाजूला. मग खिडकी उघडी, म्हणजे रस्त्याचा गोंगाट आत. पावसाळ्यात यंत्रं रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावीत, नाहीतर दमट हवेनं मायक्रोफोन मंदावतो आणि माणसाला वाटतं कानच बिघडला.

राहिला प्रश्न दुसऱ्या इम्प्लांटचा. खरी दिशा कळायला दोन्ही कानांना एकाच जातीचा माल मिळावा लागतो. एका हातात ज्वारी आणि दुसऱ्यात तूप घेऊन एकाचा कस दुसऱ्याशी ताडून बघता येत नाही; आत्याच्या उजवीकडे वरचे स्वर, डावीकडे खालचे, म्हणून बायमोडलमुळे तिला सूर मिळाला, पण चौकातला हॉर्न अजूनही नेमका सापडत नाही. दोन इम्प्लांट असलेल्यांना डावं-उजवं बरंच चांगलं कळतं, मुख्यतः कुठल्या बाजूला आवाज मोठा आहे त्यावरून. आणि दोन्ही बाजूंना ऐकणारा कान असल्यानं डोक्याच्या सावलीचा प्रश्नही सुटतो.

मग सगळ्यांना दोन का देत नाहीत? पैसे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीच्या २००९ च्या मार्गदर्शक नियमांनी मुलांना दोन्ही कानांत इम्प्लांट दिलं, मोठ्यांना एकच. अपवाद अंध व्यक्तींचा आणि अशा अपंगत्वाचा, ज्यात आजूबाजूच्या जागेचं भान मुख्यतः कानांवर असतं. २०१९ मध्ये बहिरेपणाचा निकष सैल झाला, एक-दोनची वाटणी तशीच राहिली. आपल्याकडे केंद्राची एडीआयपी योजना लहान मुलांच्या इम्प्लांटला मदत करते. मोठ्या माणसाला बहुतेक वेळा स्वतःचा खिसा उघडावा लागतो, आणि आकडा लाखांत असतो. त्यात प्रोसेसर कधीतरी बदलावा लागणार, इम्प्लांट दोन असतील तर तोही दुपटीनं.

पैशांच्या पलीकडेही एक हिशेब आहे, आणि तो कुणी आपणहून सांगत नाही. तार शंखात सरकवताना त्या कानातलं उरलेलं ऐकणं अंशतः किंवा पूर्ण जाऊ शकतं. म्हणजे आत्यानं डाव्या कानात इम्प्लांट केलं तर दिशा मिळेल, पण तो षड्ज कदाचित जाईल. शिवाय तोलाचा अवयव शंखाला चिकटूनच असतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूलाही ऑपरेशन करताना चक्कर आणि तोल यांचा विचार आधी करावा लागतो. ज्याचा दुसरा कान पूर्ण गेलाय त्याला गमवायला ऐकणं उरलेलं नाही, पण तिथे दुसरा काटा असतो: कान जितकी जास्त वर्षं गप्प राहिला असेल, तितका तो इम्प्लांटनंतर कमी शिकण्याची शक्यता. म्हणून असा कान कपाटात टाकून दहा वर्षांनी विचार करू, असं म्हणू नये.

आत्याचं अजून ठरलेलं नाही. दर सहा महिन्यांनी डाव्या कानाचा आलेख काढायचा, तो ५०० च्याही खाली घसरला तर पुन्हा बोलायचं, असं मॅडमशी ठरलंय. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे. तोवर अलका टॉकीजच्या चौकात ती दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडते आणि मी तिच्या उजवीकडून चालतो. विसरून डावीकडे गेलो की थांबते. "तिकडून बडबडू नकोस, इकडं ये," म्हणते, चौकाच्या मधोमध.